आंब्याच्या खोडाबद्दल, आणि थोडं इकडचं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

थंडीची काळजी नको. आई, खोली उबदार आहे, मोजे घालतो, खोकला कधीच गेला.

बाबा, अंगणातल्या आंब्याचे फोटो पाहिले. डिंक गळतोय म्हणून लगेच झाड तोडायला निघू नका. चाळीतले म्हणत असतील तर सांगा, मुंबईत त्यासाठी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जखम झाली की आंबा डिंक सोडतोच. जखम कशाची, ते आधी बघा. डिंकाजवळ भोक आणि बुंध्याशी भुसा असेल तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. वाकड्या तारेने अळी ओढून काढा, भोक चिखलाने लिंपा. भुसा नसेल तर साल जरा खरवडा. आत ओली, फिकी असेल तर जिवंत; काळपट असेल तर मेलेली. मेलेली साल खोडाला चहूबाजूंनी वेढून असेल तर झाडाच्या जिवाला धोका. एरवी तेवढी तासून बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको.

इथे जर्मनीत थंडीआधी फळझाडांची खोडं पांढरी रंगवतात. मला वाटलं, आपल्या रस्त्याकडेच्या झाडांसारखंच, रात्री गाड्यांना दिसावीत म्हणून. पण परसातल्या झाडांना कशाला? घरमालकीणबाईंनी मला बागेत उभं करून समजावलं. हिवाळ्यात दुपारचं ऊन खोडाच्या दक्षिणेकडे लागतं, साल तापते. रात्री पारा शून्याखाली, की तीच साल उभी तडकते. पांढऱ्या रंगाने ऊन परततं. म्हणजे बर्फाच्या दिवसांत झाडाला उन्हापासून जपायचं! त्यांच्या जुन्या चेरीला अशी चीर आहे, तिथे मधाच्या रंगाचा डिंक साकळलाय. तो बघितला आणि आपलाच आंबा आठवला.

फोटोत डिंक जिथे आहे, तिथेच गेल्या दिवाळीत कंदिलाच्या तारेसाठी मी खिळा ठोकला होता. बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात.

ताईच्या साखरपुड्याच्या हॉलचे ८० हजार सोमवारी पाठवतो. कर्ज काढू नका, माझं इथे नीट भागतं. साखरपुड्याला सुट्टी मिळत नाही, लग्नाला नक्की येतो. ताईला मीच फोन करेन, तुम्ही काही बोलू नका. आणि आई, माझ्यासाठी स्थळं यंदा नको. ताईचं पार पडू दे.

खिळा सैल असेल तरच काढा, ओढाताण करून साल फाडू नका. मोहर आलाय का, तेवढं कळवा.

तुमचा,
बाळू