काकाजी, नाल्याच्या पुलासाठी तुमचे जाहीर आभार

काकाजी, नमस्कार.

समोर बसून थँक्यू म्हटलं असतं तर "राहू दे बे, चहा सांग" म्हणून तुम्ही उडवून लावलं असतं, म्हणून इथंच लिहून टाकतो, म्हणजे आजूबाजूच्या गावांनाही कळेल की हायवेच्या कामात नाला वाचवायचा तर कुठून सुरुवात करायची. नाव टाकू नको म्हटलं होतं तुम्ही, नाही टाकत. रिटायर ओव्हरसियर काकाजी म्हटलं की समजणाऱ्याला समजते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा नाला लहानच आहे, टेकडीवरून निघतो, तीन-चार शिवारांतून येतो आणि पुढं वर्धा नदीला मिळतो. एप्रिलमध्ये पाहाल तर कोरडा ठण्ण, म्हणाल याच्यासाठी कशाला एवढी धावपळ. पण खालच्या पट्ट्यातल्या सगळ्या विहिरी त्याच्याच भरवशावर आहेत, चणा-गहू निघतो तो त्यांच्याच ओलितावर. नवा चौपदरी रस्ता नेमका त्याला आडवा, आणि प्लॅनवर नाल्याच्या जागी काय तर 1200 एमएम व्यासाच्या दोन ह्यूम पाईपांची, म्हणजे सिमेंटच्या गोल नळ्यांची, मोरी. गावात तेव्हा चर्चा सगळी मोबदल्याची, कोणाचं किती गेलं, रेट काय भेटते, कोणाची विहीर धरली, कोणाची नाही धरली. पाईपावर बोट ठेवलं ते तुम्ही.

ग्रामपंचायतीत लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही हिशोब मांडला तो मला अजून तोंडपाठ आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. मोरीच्या वर रान 400 हेक्टर. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला, अन असा पाऊस आपल्याकडं पडतोच, तर 40 कोटी लिटर. सगळं वाहून येत नाही, काही जमीन पिते, पण काळी जमीन एकदा भरली की मग थेंब घेत नाही हे आम्हाला काय शिकवायचं. मग तुम्ही म्हटलं, आता पाहा, पुरात नाला नऊ मीटर रुंद अन दोन मीटर खोल चालते, म्हणजे 18 चौरस मीटर, आणि हे दोन पाईप मिळून सव्वादोन. "आठ गाड्यांचा कापूस एका गाडीत भरून राहिले हे लोक." अन त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, पाईपाच्या तोंडाशी जाऊन अडकणाऱ्या. मोरी तुंबली की भराव बंधाऱ्यासारखा उभा राहते आणि वरच्या अंगाचं सोयाबीन चार-पाच दिवस पाण्यात. तिथं बसलेले सगळे चूप झाले, कारण वरच्या अंगाला वावर नाही असं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

नंतर आपण नाल्यानं फिरलो. बाभळीच्या फांदीत पऱ्हाटीचा वाळका गुंता अडकलेला होता, तुमच्या डोक्याच्याही वर, मी तर रोज तिथून जातो पण तो पुराची खूण म्हणून कोण पाहते. तुम्ही टेप लावला, डम्पी लेव्हल, म्हणजे उंच-सखल मोजायची दुर्बीण, कुठून तरी मागून आणली होती ती लावली, फोटो काढायला लावले, आणि सांगितलं की पूर कुठवर चढला हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यायचं असं रोडवाल्यांच्या लहान पूल-मोऱ्यांच्या कोडातच आहे, आयआरसी एसपी 13 मध्ये, म्हणजे आपण काही जास्तीचं मागून नाही राहिलो. हे वाक्य पुढं लय कामी आलं.

अर्जाचं तर काय सांगू. मी चार पानं लिहिली होती, काळी आई, बळीराजा, सगळं घातलं होतं. तुम्ही लाल पेनानं साडेतीन पानं उडवली! राग आला होता मला, खरं सांगतो. पण उरलं ते एक पान आणि त्यावर नुसते आकडे, आणि ते पान वाचलं गेलं. दुसरं म्हणजे तारीख. 1956 च्या हायवे कायद्यात कलम थ्री-ए ची, म्हणजे जमीन घ्यायची आहे हे सांगणारी, अधिसूचना निघाली की कलम थ्री-सी खाली हरकतीला 21 दिवस, आणि ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे, आपल्याला पटवाऱ्यानं सांगितल्यापासून नाही. शिवाय ती हरकत जमिनीपुरती, पुलाचं टेबल वेगळं, म्हणून दुसरा अर्ज डिझाईनवाल्यांना वेगळा द्यायचा हेही तुम्हीच सांगितलं, नाहीतर एकाच अर्जात सगळं कोंबलं असतं आणि या टेबलानं त्या टेबलाकडं बोट दाखवलं असतं.

तुम्ही आयुष्यभर रस्तेच बांधले, म्हणून काही लोकांना वाटलं हा माणूस रोडवाल्यांचाच. सुनावणीत पोट्टे तापले होते, तर तुम्ही त्यांच्या तरुण इंजिनिअरला बाजूला घेऊन थेट नाल्यावर नेलं, बाभूळ दाखवली. आता ड्रॉईंगमध्ये पाईपांच्या जागी सहा-सहा मीटरच्या दोन गाळ्यांचा पूल आहे. लहान गावाच्या अर्जावर डिझाईन बदललं यावर मला आत्ताही पूर्ण विश्वास बसत नाही.

मुरमाचंही असंच. ठेकेदाराचा डोळा टेकडीवर होता, अन टेकडी गेली तर नाला कुठून निघणार. तुम्ही सातबारा काढायला लावला तर त्यावर चक्क झुडपी जंगल. विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच, असं सुप्रीम कोर्टानं 22 मे 2025 ला सांगितलेलं आहे, त्यामुळं केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथं खोदता येत नाही. पोकलेन आली तशी परत गेली.

राहिलं ते लेआऊटचं. हायवे यायच्या आधीच प्लॉटवाले आले, अन एका बहाद्दरानं ब्रोशरमध्ये आपला नाला 30 फुटी रस्ता म्हणून दाखवला, वरून दोन्ही बाजूंनी गुलमोहर! जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नाला सरकारचा, तो कोणाला विकता येत नाही, एवढं तुमच्यामुळं आता गावात शाळेतलं पोरगंही सांगते. आम्ही तहसीलला अर्ज दिला आहे, हद्दीच्या मोजणीची तारीख लागायची आहे.

नोटीस आली की फोन करतो, सकाळीच गाडी घेऊन घ्यायला येतो. आतापर्यंत सगळ्या चकरा तुम्ही स्वतःच्या पेट्रोलवर मारल्या, यावेळी खिशात हात घातला तर आधी माझ्या मायशी बोलावं लागेल तुम्हाला, आणि जेवण आमच्याकडंच आहे, डबा आणू नका.

तुमचा,
खालच्या पट्ट्यातला एक कास्तकार