ङ म्हणायला लावणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

इथे सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात. मला ते वर्षभरात जमलं नाही. मनात तुम्ही पहिल्या तासापासून बाईच होतात. पत्र मराठीत लिहितेय, कारण टिपणं ज्या भाषेत सुचतील त्याच भाषेत काढ, असं तुम्हीच सांगितलं होतंत. सोमवारी तुमच्या खोलीत येऊन वाचून दाखवीन, अर्थही सांगीन. पण माझ्यामागून इथे साहित्य शिकायला येणाऱ्या मराठी मुलांच्या हातीही ते पडावं, म्हणून उघडं ठेवतेय.

मेलबर्नला आले तेव्हा ऑस्ट्रेलियन साहित्य म्हणजे पॅट्रिक व्हाइट आणि त्यांचं १९७३ चं नोबेल, एवढीच माझी शिदोरी होती. तुमच्या वाचनयादीत वानयी या आदिवासी समाजातल्या अलेक्सिस राइट होत्या, नूनगार या आदिवासी समाजातले किम स्कॉट होते, श्रीलंकेत जन्मलेल्या मिशेल डी क्रेटसर होत्या. आश्रय मागायला आले म्हणून ऑस्ट्रेलियाने मानुस बेटावर अडकवून ठेवलेले, फोनवरून फार्सीत मजकूर धाडत आख्खं पुस्तक लिहिणारे बेहरूझ बूचानी होते. हा देश कुणाकुणाचा आहे, ते त्या एका कागदाने मला सांगितलं.

अलेक्सिस राइट यांच्या 'कार्पेंटारिया' कादंबरीने मात्र रडवलं. पाचशेच्या वर पानं, आणि पन्नासाव्या पानापर्यंत मी चारदा मागे जाऊन आले होते. निबंध लिहिला तो पुस्तकापेक्षा सिद्धांतांवरच जास्त. त्यातलं प्रत्येक माणूस मी 'पीडित' करून टाकलं होतं. तुम्ही मार्क कमी दिलेत ते योग्यच होतं. पण समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली होतीत : 'ही माणसं हसतात तेव्हा तू कुठे होतीस?' तो कागद अजून जपून ठेवलाय.

मग तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि कादंबरीची सुरुवात मोठ्याने वाचलीत. आकाशातून उतरलेला तो प्रचंड सर्प, त्याच्या सरपटण्यातून झालेल्या नद्या. 'कुणीतरी वडीलधारं माणूस गोष्ट सांगतंय, त्याला घाई नाही,' म्हणालात. एवढं पुरलं. आमच्या धुळ्याकडे माझी आजी गोष्ट सांगते ती अशीच, निघते एकीकडे, मध्येच शेजारणीच्या घरात शिरते आणि तासाभराने बरोबर ठिकाणी येते. त्या रात्री मी खोलीचं दार लावून दीडशे पानं मोठ्याने वाचली.

आता मुख्य गोष्ट. टॅरा जून विंच यांच्या 'द यील्ड'चा तास. विराजुरी या इथल्या आदिवासी भाषेतली ही कादंबरी नव्हे, इंग्रजीतलीच. पण तिच्यात अल्बर्ट गोंडिविंडी नावाचा आजोबा मरण्याआधी आपल्या भाषेचा शब्दकोश लिहून ठेवतो, तोही शेवटच्या अक्षराकडून उलटा. पहिल्याच पानावर तो आपल्या भूमीचं नाव घेतो आणि ऐकू येतंय का, असं विचारतो. तुम्ही वर्गाला तो शब्द म्हणायला लावलात. सुरुवातीलाच 'ङ', सगळे अडखळत होते. मी वहीत लिहून घेतलं होतं : ङुराम्बाङ. तुम्ही माझ्या खांद्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, 'हे अक्षर तुमच्याकडे आहे?'

आहे, बाई. पण बालवाडीच्या तक्त्यावर त्याच्या चौकटीत चित्र नसायचं. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, आणि ङ कशाचाच नाही. त्याने सुरू होणारा शब्दच आम्हाला कुणी शिकवला नाही. तो दिसायचा फक्त 'वाङ्मय' लिहिताना. त्या दिवशी माझ्या हातून पहिल्यांदा ङ एका शब्दाच्या दारात उभा राहिला, आणि त्या शब्दाचा अर्थ होता आपला मुलूख.

हा कोश त्या घराण्याला का हवा, तेही तुम्ही कायद्याच्या अंगाने उलगडलंत. ही जमीन आधी कुणाचीच नव्हती, हे गृहीतक इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या माबो निकालाने मोडलं खरं. पण हक्क मागायचा तर त्या भूमीशी नातं तुटलेलं नाही, याचा पुरावा लागतो. कादंबरीत जमिनीवर खाणवाले येऊन ठेपलेत आणि आजोबांचे शब्द म्हणजे तो पुरावा. शब्दाचं वजन मला तेव्हा समजलं.

उत्साहाच्या भरात मी म्हणाले होते, आमच्या अहिराणीचंही असंच झालंय. तुम्ही मला थांबवलंत. इथे आदिवासींची मुलं आईच्या कुशीतून काढून नेली गेली, त्याची सरकारने माफी मागितली ती थेट २००८ मध्ये. तुझ्या घरात असं घडलंय का, असं विचारलंत. नाही घडलं. शाळेत 'शाया' म्हटलं की हसू व्हायचं, हातावर पट्टी बसायची, एवढंच. तुलना करण्याआधी दोन्हीकडचं नीट मोजायचं, हे मी त्या दिवशी शिकले, आणि त्यासाठी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. कारण पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणालात, 'पण आजी आहेत ना अजून? मग फोन कर.'

दर रविवारी करते. इथे संध्याकाळ होते तेव्हा तिची दुपारची भाकरी झालेली असते. दोनशे पानी वही आणलीय. अल्बर्टसारखी मीही शेवटून सुरुवात करायची ठरवली, म्हणून पहिलं पान 'ळ'चं काढलं. ते कोरंच राहिलंय. आजीच्या बोलण्यात ळ नाही. तिचा डोळा म्हणजे 'डोया'. हे मला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. त्या कोऱ्या पानाचं काय करू, असं तिला विचारलं तर म्हणाली, राहू दे तसंच, तुझ्या बाईंना दाखव.

सोमवारी वही घेऊन येतेय.

तुमची विद्यार्थिनी