महापौरांचा फोटो आणि झाडाचं आळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत महानगरांच्या हवामान-आघाडीवरचा लेख वाचला. महापौरांचा हसरा फोटोही पाहिला. देशांची सरकारं वाटाघाटींत अडकली असताना शहरंच जगाला वाट दाखवणार, असं लेखकाचं म्हणणं. २००५ मध्ये लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी अठरा महानगरांना बोलावलं, त्यातून पुढे 'सी-४०' ही आघाडी उभी राहिली आणि आज तिच्या पटावर शंभराच्या आसपास शहरं आहेत. सगळं मान्य. तरी लेख वाचून डोकं तापलं ते तापलंच.

शहरं एकमेकांचं बघून शिकतात म्हणे. शिकतात की! मध्यवर्ती भागात गाडी आणली तर पैसे मोजा, हा नियम लंडनने २००३ मध्ये केला. स्टॉकहोमने २००६ मध्ये तो आधी काही महिने करून पाहिला, मग लोकांचा कौल घेतला आणि पुढच्या वर्षी कायम केला. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये हेच मांडलं, पण राज्याच्या विधिमंडळाने ते मतदानालासुद्धा घेतलं नाही. पुढे हेच ब्लूमबर्ग २०१० ते २०१३ या आघाडीचे अध्यक्ष होते. आणि त्यांच्या शहरात हे शुल्क प्रत्यक्ष लागू झालं जानेवारी २०२५ मध्ये! महापौरांनी करारावर सही करायची आणि किल्ल्यांचा जुडगा मात्र दुसऱ्याच्याच कमरेला, असा हा कारभार. लेखात यावर एक ओळ नाही.

पण माझं दुखणं याहून खालच्या पायरीवरचं आहे. आमच्या इमारतीसमोर पदपथावर एक जुनं झाड आहे. पदपथाचं सुशोभीकरण झालं (हा शब्द ऐकला की हल्ली धडकीच भरते) तेव्हा काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलं. वर पेव्हर ब्लॉक. आळं म्हणून वीतभर मातीसुद्धा ठेवली नाही. मी खाली जाऊन मुकादमाला विचारलं, "अहो, पाणी मुरणार कुठून?" तो म्हणाला, "काका, एस्टिमेटमध्ये आळं नाहीये." त्याचं तरी काय चुकलं? तरीही त्या भल्या माणसाने पहार घेऊन बुंध्यालगतचा एक कोपरा फोडून दिला. संध्याकाळी साहेब पाहणीला आले, काम अपूर्ण दिसतंय म्हणाले आणि तो कोपरा सिमेंटने लिंपून घेतला.

पहिल्या मोठ्या पावसात पदपथावरचं सगळं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत. महापालिकेच्या कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कशी काढली, ते विचारायची सोय नाही. नंतर एक माणूस आला खरा, पण तो झाडाला क्रमांकाची पट्टी ठोकायला. खिळ्याने! आणि याच कार्यालयाच्या हवामान आराखड्यात पाणी मुरणारी जमीन वाढवायचा संकल्प आहे. गुळगुळीत कागदावर, हिरव्या अक्षरांत.

कोपनहेगनचं कौतुक लेखकाने भरभरून केलंय, पण नेमकं ज्याचं करायचं तेच सोडून. २ जुलै २०११ रोजी त्या शहरावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. दोन-अडीच तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास. तळघरं भरली, रस्ते बुडाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आराखडा केला आणि ठरवलं की नुसती गटारं मोठी करून भागणार नाही. पाण्याला जागा द्यायची. काही रस्त्यांचा उतार असा की जोराच्या पावसात पाणी त्यांच्यावरूनच वाहून जावं. काही बागा अशा की त्या वेळी त्यांचं तळं झालं तरी चालावं. एंगहेव्ह नावाच्या जुन्या बागेत आता सुमारे २२ हजार घनमीटर पाणी मावतं. न्यूयॉर्कने हा धडा त्यांच्याकडून घेतला आणि आपल्या क्वीन्स भागातल्या एका वसाहतीत बास्केटबॉलचं मैदानच खोलगट करायचं ठरवलं. पाऊस आला की टाकी, एरवी मुलं खेळणार. याला मी शहरांचं सहकार्य म्हणतो. इथे एका शहराच्या इंजिनिअरने दुसऱ्या शहराच्या इंजिनिअरला उतार कसा काढायचा ते दाखवलं. त्यांचा फोटो कोण छापतो?

उलट '२०२५ पर्यंत कार्बनमुक्त होणारी पहिली राजधानी' हे कोपनहेगनचं बिरुद तुम्ही पुन्हा छापलंत. ते उद्दिष्ट त्या शहराने २०२२ मध्येच सोडून दिलं. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या धुराड्यातून कार्बन पकडायचा बेत होता, त्याला पैसे मिळाले नाहीत. त्यांनी निदान तसं जाहीर तरी केलं. त्या आघाडीला माझी सूचना एवढीच की पुढच्या परिषदेला महापौरांऐवजी पदपथाचं एस्टिमेट करणारे कनिष्ठ अभियंते पाठवावेत. सोबत आमचा तो मुकादम गेला तर फारच उत्तम.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. तुमच्या हवामानाच्या चौकटीतून आर्द्रतेचा आकडा केव्हाचा गायब झालाय. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि मग तेच तापमान अंगाला कितीतरी जास्त जाचतं. उष्म्यावर अर्धं पान लेख छापता आणि आर्द्रतेला एक ओळ नाही? जागेची अडचण असेल तर शेजारची नव्या गाड्यांच्या सवलतीची जाहिरात बोटभर आखूड करता येईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार