‘कंटाळा कोणत्या वाक्यापासून आला?’ : बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

नाट्यपरीक्षण लिहू इच्छिणाऱ्या काही तरुण मुलामुलींसमोर बोलण्याचा योग नुकताच आला. बोलून झाल्यावर एका मुलीने विचारले, “हे सगळे कोणत्या पुस्तकात मिळेल?” मी सांगितले त्यातले बहुतेक तुमच्या संपादकीय टेबलासमोर बसून, तुमच्या तांबड्या पेन्सिलीखाली शिकलेले होते, आणि ते कुठेही छापलेले नाही. खाजगीत आभार मानले तर तुम्ही “पुरे” म्हणून विषय बदलता, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, म्हणजे तुमचे ऋणही नोंदले जाईल आणि त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल.

आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणाचा एक साचा ठरून गेला आहे. आधी नाटककाराची ओळख, मग तीन परिच्छेद कथानक, त्यानंतर अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला, तमुक यांची साथ मोलाची, आणि अगदी शेवटी ‘नेपथ्य, प्रकाशयोजना व पार्श्वसंगीत नाटकाला पूरक’. तुम्ही कोणाचेही परीक्षण हातात घेतले की या शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करत असा. “पूरक म्हणजे त्यांनी नेमके काय केले?” एवढेच विचारत असा. त्याचे उत्तर लिहायला बसले की सगळ्या लेखाची मांडणी हलायची, कारण प्रकाशाने काही केलेले असेल तर ते कुठल्यातरी एका प्रवेशात, एका नटाच्या बाबतीत, एका विशिष्ट क्षणी केलेले असते, आणि ते त्या जागी नेऊनच सांगावे लागते. मग शेवटच्या ओळीत उरलेली नावांची यादी आपोआप नाहीशी होते. प्रकाश, नेपथ्य आणि अभिनय यांचे वेगवेगळे कप्पे प्रयोगात नसतात, ते फक्त परीक्षणात असतात, ही गोष्ट तुम्ही व्याख्यान न देता त्या एका प्रश्नाने माझ्या मनात रुजवलीत.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा एका हौशी संस्थेने केलेला प्रयोग आपण दोघींनी पाहिला होता. घराण्याचे दागिने त्या घरातली सून, वहिनी, रात्री अंगावर चढवते, त्या प्रवेशाविषयी ‘सहजसुंदर अभिनय’ असे लिहून मोकळे होता आले असते. तुम्ही म्हणालात, “विशेषण ठेव बाजूला. तिने काय केले, ते क्रियापदात सांग.” आठवू लागले तेव्हा एकेक गोष्ट वर येऊ लागली. दागिन्याला हात लावण्याआधी त्या अभिनेत्रीने ओले नसलेले हात पदराला पुसले होते. पहिला दागिना घालताना तिची नजर दाराकडे होती, नंतरच्या दागिन्यांच्या वेळी ती दाराकडे पाहायची थांबली. सगळे घालून झाल्यावर ती उठली आणि चार पावले चालली, आणि ती चाल पहिल्या अंकात आई जशी चालली होती तशी होती : जड, पाऊल न उचलता सरकवत. सून सासूच्या जागी जाऊन बसते आहे, हे कुठलेही वाक्य न उच्चारता त्या चार पावलांनी सांगितले. प्रकाश एका कोपऱ्यापुरताच असल्यामुळे वाड्याचा बाकी पसारा दिसत नव्हता, सोने तेवढे दिसत होते, म्हणजे ‘पूरक’ प्रकाशाने काय केले याचे उत्तरही तिथेच होते. एवढे लिहिल्यावर अभिनय सुंदर होता की नाही, हे वाचकाला वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मी आजही दर प्रयोगानंतर स्वतःला विचारते, आणि त्या दिवशी त्या मुलांना सर्वांत आधी तोच दिला. ‘दुसरा अंक रेंगाळतो’ हे परीक्षणातले नेहमीचे वाक्य. त्यावर तुम्ही विचारत असा, “कंटाळा कोणत्या वाक्यापासून आला?” वरवर हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधू लागले की दोष कोणाचा हे ठरवावेच लागते. लेखकाने आधी कळून चुकलेली माहिती पुन्हा दिली आहे का? की प्रवेश नेटका असूनही नट एकमेकांची वाक्ये वेळेवर उचलत नाहीत, आणि प्रत्येक वाक्यानंतर एक नको असलेला पॉज पडतो? की दिग्दर्शकाने दोघांना दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसवून ठेवल्यामुळे भांडणाला जवळ येण्याची वाटच उरलेली नाही? की पहिल्या अंकात प्रत्येक जागी हशा घेतल्यामुळे प्रेक्षकाला हसण्याची सवय लागली, आणि आता गंभीर वळण आल्यावर त्याला काय करावे ते कळत नाही? कंटाळा एकच, पण या चार कारणांची जबाबदारी निरनिराळ्या माणसांवर येते. ‘रेंगाळतो’ असे लिहिणारा त्या सगळ्यांवर एकदम अन्याय करतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. परीक्षण वाचून पुढच्या तालमीत एखादी जागा दुरुस्त करता आली पाहिजे, असे तुमचे मत होते. परीक्षण हे प्रेक्षकासाठी असते, रंगकर्मींच्या सोयीसाठी नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मला मात्र तुमचे म्हणणे अधिक पटते, कारण जे परीक्षण नाटक करणाऱ्याला नेमके वाटते, तेच पाहणाऱ्यालाही नवे डोळे देते.

एका प्रयोगाला तुम्ही मला प्रेक्षागृहातल्या खुर्चीवर न बसवता, प्रकाश चालवणाऱ्या दादांच्या शेजारी स्टुलावर बसवले होते. त्यांच्यासमोर संहितेची झेरॉक्स होती आणि समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा. पहिल्या अंकाचा शेवट एका वाक्यावर होता आणि त्या वाक्यानंतर प्रकाश मंदावत जाणार, असे कागदावर होते. त्या संध्याकाळी वाक्य संपण्याच्या आतच टाळी आली. नायिका थांबली, टाळी ओसरू दिली, वाक्य पुन्हा न उच्चारता तिने फक्त मान वर केली. प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरवरचा दादांचा हात तोवर हलला नव्हता. मान वर गेली तेव्हा तो खाली सरकू लागला. पुढच्या खुर्चीतून पाहिले असते तर ‘अंकाचा शेवट परिणामकारक’ एवढेच मला दिसले असते. दोन माणसांनी, एकमेकांकडे न पाहता, तालमीत न ठरलेला एक निर्णय काही क्षणांत घेतला, हे मला त्या स्टुलावरून दिसले. त्या दादांचे नाव जाहिरातीत नव्हते. तुमच्या आग्रहामुळे ते परीक्षणात आले, आणि त्याबद्दल तुमचे आभार मी त्यांच्याही वतीने मानते.

प्रयोगाची तारीख, नाट्यगृहाचे नाव आणि तो शुभारंभाचा प्रयोग होता की पुढचा, हे परीक्षणात आलेच पाहिजे, यावर तुम्ही अडून बसत असा. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जी प्रायोगिक नाटके केली, ती प्रेक्षकाच्या इतक्या जवळ होत की नटाच्या कपाळावरचा घामही भूमिकेचा भाग होई. तेच नाटक पुण्याच्या हजारभर आसनांच्या बालगंधर्व रंगमंदिरात नेले तर शब्द तेच राहतात, पण कुजबुज ही कुजबुज राहत नाही, ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावी लागते. म्हणून आपण नाटकाचे नव्हे, अमुक ठिकाणी अमुक दिवशी झालेल्या प्रयोगाचे परीक्षण लिहितो, हे तुमचे म्हणणे. पहिल्या प्रयोगावर लिहिलेल्या प्रतिकूल मताला पुढच्या प्रयोगांनंतर पुन्हा तपासण्याची मुभा तुम्ही मला दिलीत, त्यासाठी पानावर जागा करून दिलीत. जागेची किती ओढाताण असते हे पाहिलेले असल्यामुळे त्या जागेची किंमत मला कळते.

वर्णनावर इतका जोर का, हे तुम्ही एकदाच, आणि तेही कात्रणांची जाडजूड फाइल माझ्या हातात देताना सांगितलेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या दिवसाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो. त्या काळच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणे, पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत, राक्षसांची सोंगे घेतलेली राक्षसपार्टी आरडाओरडा करत रंगमंचावर येई, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते कोणीतरी पाहून लिहून ठेवले म्हणून. बालगंधर्वांचे गाणे ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येते, पण शालू नेसून ते रंगमंचावर कसे वावरत, हे जाणायचे तर पाहणाऱ्यांच्या लेखनाकडेच जावे लागते. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले तेव्हा त्यातली माणसांची भिंत तुम्ही स्वतः पाहिली होती. संहिता वाचून ती रांग समजते. पण पाठ फिरवताच ती भिंत कशी होई, तोंड वळवताच त्याच भिंतीचे ब्राह्मण कसे होत, आणि जे दडवायचे ते दडवून हवे तेवढेच प्रेक्षकाला कसे दिसू देई, हे तुम्ही खुर्चीतून उठून, स्वतः पाठ फिरवून मला दाखवलेत. त्या फाइलीत आधीच्या नाट्यसमीक्षकांचे लेखन होते : माधव मनोहर होते, ज्ञानेश्वर नाडकर्णी होते, पुष्पा भावे आणि कमलाकर नाडकर्णी होते. कोणाची शैली उचलायची नाही, प्रत्येकाने काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले तेवढे शोधायचे, अशी तुमची अट होती.

हौशी संस्थांबद्दलची तुमची भूमिका सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या मंडळींवर कठोर लिहू नये, असा एक समज आहे आणि त्यामागे चांगुलपणा आहे, हे तुम्हीही मानत होतात. तरी त्यांना वेगळी, सैल मोजपट्टी लावण्याला तुमचा ठाम विरोध होता, कारण सवलतीचे कौतुक हे काम गंभीरपणे न घेतल्याची कबुली असते. मात्र नटाच्या शरीरावर, वयावर किंवा उच्चारातल्या बोलीवर शेरा मारलेली ओळ तुमच्या पेन्सिलीखालून कधीही सुटली नाही. कोल्हापूरची, नागपूरची किंवा पणजीची बोली संवादात डोकावली तर ती भूमिकेला शोभते की नाही एवढेच विचारायचे, ती ‘शुद्ध’ आहे की नाही हे नाही. एका परीक्षणावर एका संस्थेचे लोक चिडून आले होते, तेव्हा तुम्ही मला त्यांच्यासमोर बसवलेत आणि स्वतः मध्ये बोलला नाहीत. दोन तास आम्ही त्या नाटकातल्या एका प्रवेशावर बोललो. मत कोणाचेच बदलले नाही, पण बोलणे शेवटपर्यंत त्या प्रवेशावरच राहिले, कारण परीक्षणात लिहिलेली प्रत्येक गोष्ट रंगमंचावर घडलेली होती आणि ती त्यांनाही आठवत होती.

या सगळ्यासाठी मी तुमची मनापासून आभारी आहे. त्या तरुण मुलांनी लिहिलेली परीक्षणे माझ्याकडे आली आहेत. त्यांतली दोन तुम्ही वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे, कारण त्यांत प्रकाशयोजना शेवटच्या ओळीत नाही, आणि एकात तर कंटाळा कोणत्या वाक्यापासून आला ते वाक्यच उद्धृत केले आहे. दोन्ही टपालाने पाठवते आहे. समासात भरपूर जागा सोडली आहे.

आपली कृतज्ञ,
एक नाट्यपरीक्षक