वनमंत्र्यांना खुले पत्र: उरलेले माळ राखून ठेवा

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

महोदय, पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठी राखलेला, पैसा वृक्षारोपणासाठी बाहेर पडतो. हेतू चांगलाच असतो. पण झाडं लावायला सरकारी मोकळी जागा शोधायला गेलं की पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडे हाती लागतो तो बहुतेक वेळा गवताळ माळच. सुप्याच्या बाजूला एका माळावर मी हे पाहिलंय. उतारावर ओळीने खड्डे खणलेले, त्यात गिरिपुष्पाची रोपं. त्यांच्या जवळच उघड्या मुरमावर माळटिटवीची अंडी होती, अगदी खड्यांच्या रंगाची. खणणाऱ्याच्या ती लक्षातही येणार नाहीत.

या पट्ट्यात पाऊस मुळातच कमी. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं तिथे तगतात ती मुळांच्या जोरावर. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, मुळं जिवंत राहतात; माळाचा कार्बनही मुख्यतः जमिनीखालीच साठतो. कुसळीच्या बीची शेपटी ओल लागताच पीळ सुटून फिरू लागते आणि टोक मातीत रुतत जातं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी रात्री याच गवतात, जमिनीवर, थव्याने मुक्काम करतात. चिंकारा, लांडगा आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांनाही असाच उघडा माळ लागतो. दाट झाडी झाली की गवत मरतं आणि हे सगळे निघून जातात.

आणि संरक्षण किती? माळाची अभयारण्यं पाहा: पुणे जिल्ह्यातलं मयूरेश्वर 5.14 चौ. किमी, अहिल्यानगरमधलं रेहेकुरी 2.17. आमच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला 100 चौ. किमीहून जास्त जागा आहे, आणि जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या या शहरात ती टिकली ती कायद्यामुळेच. माळढोकसाठी 1979 मध्ये मोठं अभयारण्य झालं, पुढे ते बरंच आक्रसलं. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून मुंबईच्या पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी आग्रह धरला होता, तो आज त्याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला दिसला तर बातमी होते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणे सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करता येतं, तेही गावकऱ्यांशी चर्चा करूनच. माझी विनंती आहे की वन आणि महसूल खात्याने उरलेले मोठे माळ नकाशावर आणावेत, तिथलं वृक्षारोपण येत्या पावसाळ्यापासूनच थांबवावं आणि ही तरतूद वापरावी. धनगरांना मात्र हुसकावू नका. चराई आळीपाळीने ठेवली तर गवत टिकतं, आणि लांडग्याने मेंढरू नेलं तर भरपाई वेळेत मिळायला हवी, नाहीतर लांडग्याला गावात कोण सहन करेल? माळ लोकांसाठी खुलाही असावा: गाड्या बाहेर, वाट ठरलेली, वाटाडे गावातलेच.

कंपन्यांना झाडं लावायचीच असतील तर तोडीने उजाड झालेली जंगलं दाखवा. आणि माळावरच्या वृक्षारोपणाची पुढची फाइल आपल्यासमोर येईल तेव्हा सही करण्याआधी तो माळ एकदा स्वतः चालून पाहा.

कळावे,
एक मुंबईकर