मंगळवारच्या गोळीचं सोवळं

खानापूर, जि. बेळगाव

मेडिकलमधल्या अक्कांना,
सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला आले की काउंटरवर गर्दी असते आणि तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत पुढच्याची चिठ्ठी हातात घेता. म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई अंगणात घसरल्या. हात टेकला नि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बेळगावच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायला लावला. त्यात उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आईंचा बराच खाली होता. आठवड्यातून एकदा हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, शिवाय कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, अशी चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी तुमच्याकडे आलो. आईंचा बेत वाटेतच ठरला होता: सगळं सकाळच्या चहाबरोबर एकदम घ्यायचं आणि मोकळं व्हायचं.

तुम्ही स्ट्रिप दिलीच नाहीत. आधी प्रश्न. दुसरी कुठली औषधं चालू आहेत? गिळताना अडकतं का? अर्धा तास ताठ बसवतं का? किडनीचा रिपोर्ट कधीचा? दाताचं काही काम राहिलंय का? मागं उभे असलेले एक गृहस्थ "आवरा की हो लवकर" म्हणाले, तरी तुमचे प्रश्न चालूच. अक्का, माझे आभार मुख्यतः त्या प्रश्नांचे आहेत.

कारण दोन उत्तरं अडचणीची निघाली. आईंची एक दाढ काढायची होती. ही औषधं चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही, म्हणून तुम्ही डॉक्टरांना फोन लावलात. दाढ काढून जखम भरली की मग गोळी सुरू करायची, असं त्यांनी सांगितलं. यापुढंही दातांच्या डॉक्टरांकडे गेलं की ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, हे तुम्ही बजावलंत. दुसरी अडचण थायरॉइडच्या गोळीची. तीही उपाशीपोटी, हीही उपाशीपोटी, मग आधी कुठली? तुम्ही अंदाजानं बोलला नाहीत, तेही त्याच फोनवर विचारून घेतलंत. उठल्यावर आधी हाडांची, अर्ध्या तासानं थायरॉइडची, आणखी अर्ध्या तासानं चहा-नाश्ता. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, कारण थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तास तरी लांब हवं. वार आईंनीच निवडला, मंगळवार. "देवीचा वार, मी विसरणार नाही."

मग पाण्याचा विषय निघाला. आई घरात फुलपात्रानं पाणी पितात, तेही अर्धंच. तुम्ही म्हणालात, फुलपात्र नको, मोठा ग्लास भरून साधं पाणी, दोनशे मिली तरी. गोळी चावायची नाही, चघळायची नाही. अन्ननलिकेत ती कुठं चिकटली तर तिथं जखम करते, म्हणून भरपूर पाणी आणि म्हणूनच नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि दूध, चहा, कॉफी का नको? उपाशीपोटी घेतली तरी या गोळीचा शंभरातला एक भागसुद्धा अंगात उतरत नाही. त्यात चहा किंवा दूध पडलं तर तेवढाही उतरत नाही. हे कळल्यावर आईंनी चहाचा हट्ट सोडला. नुसतं "चालत नाही" म्हटलं असतंत तर त्यांनी ऐकलं नसतं, मी त्यांना ओळखते.

"आणि देवाचं तीर्थ?" त्यांनी विचारलं. तेही अर्ध्या तासानंतर, म्हणालात. नाचणीची आंबीलही नंतर. आई बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्या गोळीचं लईच सोवळं की गं!" आता मंगळवारी पहाटे त्या गोळी घेतात आणि तुळशीपाशी खुर्ची टाकून ताठ बसतात. मधे कुणी काही खायला दिलं तर हातानंच थांबवतात.

मिश्रीबद्दलही तुम्ही बोललात, ते बरं केलंत. आमच्याकडे बायकांच्या मिश्रीवर कुणी बोलत नाही, जणू ती तंबाखू नव्हेच. हाडांनाही वाईट आणि हिरड्यांनाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. पूर्ण सुटलेली नाही; कमी झालीय.

डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूलवर तुम्ही लाल पेनानं "आठवड्यातून एकच" लिहिलंत. तुमच्या घरी कन्नड, पण आईंना मराठीच वाचता येतं म्हणून प्रत्येक पाकिटावर देवनागरीत लिहून दिलंत. ती कॅप्सूल रोजची समजून घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून बसतं, हे मला तेव्हाच कळलं.

मधे लग्नासाठी आम्ही चंदगडला गेलो आणि एक मंगळवार गोळी घरीच राहिली. परत आल्यावर तुम्हाला फोन केला, तर गडबड न करता सांगितलंत: उद्या सकाळी घ्या, पुढची परत मंगळवारी, एका दिवशी दोन मात्र कधीच नाहीत. छातीत जळजळ किंवा गिळताना दुखायला लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर तेही अंगावर काढायचं नाही, हे दोन्ही आईंनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय. गोळी किती वर्षं चालवायची ते साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा बघतील. आपल्या मनानं बंद करायची नाही आणि आपल्या मनानं ओढतही न्यायची नाही, हेही त्याच पानावर आहे.

आईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. घरी या म्हणतात, पण मंगळवारी जरा उशिरा, म्हणजे चहा सगळ्यांना मिळून घेता येईल.

आपली,
आईंची सून

ता. क. शेजारच्या काकूंना तुमच्याकडे पाठवतेय. त्यांचं हाडांचं दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे आणि त्या म्हणतात, भातकापणी झाल्यावर बघू. ते लांबवलं तर औषधाचा असर उतरतो आणि पाठीचे मणके मोडू शकतात, हे मी सांगून पाहिलं. माझं ऐकत नाहीत. तुम्ही विचारायला लागलात की ऐकतील.