समुद्र हे गटाराचं उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या एखाद्या लहान शहराविषयी 'मला हे गाव आवडत नाही' असं कुणी जाहीरपणे म्हटलं की पुढची उत्तरं ठरलेली असतात. समुद्र बघा, हापूस बघा, हवा बघा. टिळक रत्नागिरीचे, सावरकर १३ वर्षं इथे होते. आणि इतक्यावर भागलं नाही तर शेवटचं हुकमी पान: 'एवढं असेल तर जा की मुंबईला.' आपला तो बाब्या म्हणायला हरकत नाही, पण बाब्याला खरूज झाली असेल तर औषध तरी लावाल की नाही?

मी राहतो ते शहर मला आवडत नाही. का आवडत नाही ते मोजून सांगता येतं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाद गावाच्या अब्रूवर जातो आणि फुटका पाइप बाजूला राहतो. किनाऱ्यावर ज्याला लागू पडेल त्याने आपलं नाव घालून वाचावं. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही अशी माझी तक्रार नाही. तसलं रडगाणं गाणाऱ्यांमुळेच आमच्यासारख्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

आधी पाणी. त्यावरचा बचाव असा: 'अहो, आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो.' पडतो ना. पण तो जून ते सप्टेंबरात पडतो आणि खाली जांभा आहे. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, पडलेलं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या अंगाला झऱ्यांनी बाहेर येतं आणि आखूड नद्या ते बघता बघता खाडीत नेऊन सोडतात. म्हणून सड्यावरच्या विहिरी मार्च-एप्रिलात तळ दाखवतात. खाडीलगतच्या विहिरींना पाणी असतं, पण मोटर लावून वारेमाप उपसा केला की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुढच्या पावसाशिवाय सहसा सुधारत नाही. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरतं. पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेला वाटा ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एवढं गोडं पाणी खाडीला मिळतं आणि त्याच चिपळूण तालुक्याच्या वरच्या वाड्यांत मे महिन्यात टँकर फिरतो. तेव्हा पडलेल्या पावसाचे आकडे कौतुकाने सांगण्यापेक्षा ३१ मे रोजी साठ्यात काय उरलं ते सांगावं.

दिवसाआड पाणी सोडणं ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात घाण पाणी घरात यायला तेच निमित्त होतं. घरजोडणीची अर्धा इंची लोखंडी नळी पुष्कळ ठिकाणी गटारातूनच नेलेली असते. गंजून तिला टाचणीएवढं भोक पडलं की पाणी चालू असताना ते बाहेर उडतं, आणि पाणी बंद होऊन नळी रिकामी झाली की गटारातलं आत येतं. त्यातून कुणी थेट नळालाच मोटर जोडली तर ओढ आणखी वाढते: शेजाऱ्याचा नळ कोरडा आणि स्वतःच्या टाकीत गाळ. मोटर लावायची तर आधी जमिनीत टाकी बांधावी, नळाचं पाणी आपल्या दाबाने तीत पडू द्यावं, बॉल व्हॉल्व्ह बसवावा आणि तिथून मोटरने वर चढवावं. नळी गटार ओलांडत असेल तेवढ्या भागात ती बदलून गटाराच्या वरून न्यावी. ते जमत नसेल तर निदान तिच्यावर जाड प्लास्टिकचा दुसरा पाइप चढवून दोन्ही टोकं बंद करावीत. पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते झाडांना जाऊ द्यावं. नळाच्या टोकाला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलं पाहिजे. ओटी चाचणीत, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे हे दिसतं. मात्र नमुना टाकीशेजारच्या नळाचा घेतला तर अहवाल कायम चांगलाच येणार. तो वाहिनीच्या शेवटच्या घरचा हवा.

यावर काही जण विचारतात, 'नगरपरिषदेच्या नावाने रडता, स्वतः काय करता?' प्रश्न रास्त आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर पाणी. उडणं-गळणं वजा जाता सव्वादोन लाख तरी पन्हळीत येतं. सगळं साठवायला कुणाच्या परड्यात जागा नाही, आणि गरजही नाही. पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले तर चौघांना रोज ४० लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे हे २४३ दिवस. म्हणजे ९,७२० लिटर. दहा हजार लिटरची एक बंद टाकी असली की पिण्याच्या पाण्यापुरता टँकरचा प्रश्न मिटला. आंघोळ, कपडे, संडास यांना नळाचं किंवा विहिरीचं.

हे फसतं ते बारीकसारीक गोष्टींत. पन्हळीला मीटरमागे सेंटिमीटरभर उतार नसेल तर पाणी मधेच साचून पन्हळ लोंबते. आंब्या-फणसाचा पाला तोंडाशी अडकतो, तिथे जाळी हवी आणि ती पावसाळ्यात दर आठवड्याला काढून धुवावी लागते. पहिल्या पावसात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते, ते पाणी टाकीत जाता कामा नये. छपरावरचा पहिला एक मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. लोक चार इंची पाइपचा हातभर तुकडा खाली सोडून त्याला टोपी लावतात आणि काम झालं म्हणतात. त्या पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतं. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप आधी भरेल आणि मगच पाणी टाकीकडे वळेल अशी जोडणी करावी. पिंपाच्या तळाला तोटी ठेवावी, नाहीतर पुढच्या सरीला ते भरलेलंच असतं. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरतं, फट राहिली की डास. आणि टाकी शेवटची भरायची ती सप्टेंबरात, स्वच्छ धुतलेल्या छपरावरून. जूनचं पाणी मेपर्यंत जपून ठेवण्यात शहाणपण नाही.

आता रस्ते. 'एवढ्या पावसात खड्डे पडणारच' हे वाक्य इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. पाऊस डांबराचा शत्रू आहे हे खरं, पण शहरातल्या खड्ड्यांची जागा नीट बघा. ते सरळ रेषेत असतात. जिथे जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी चर खणला होता, बरोबर तिथे. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर खोल खणतात, निघालेली लाल माती एका दमात परत लोटतात, वर खडी पसरून डांबराचा हात फिरवतात. भराव दहा टक्के जरी बसला तरी दहा सेंटिमीटरची घळ तयार होते. तीत पाणी साचतं, डांबराखाली शिरतं, वरून गाडी गेली की खडी सुटते. चर बुजवायचा तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर ओलवून आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून बसवून. वर खडीचा दबाई केलेला थर आणि मग शेजारच्या रस्त्याइतक्याच जाडीचं डांबर. यात नवीन काही नाही, अंदाजपत्रकात हे लिहिलेलं असतं. वेळ लागतो आणि बघायला कुणी उभं राहत नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट उताराची. सात मीटर रुंद रस्त्याची कड मध्यापेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे पाणी बाजूला पळतं. दोन माणसांनी रस्त्याच्या आरपार दोरी ताणून धरली की तो उतार आहे की नाही ते दिसतं. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेलं की उतार मोडतो, रस्ता वर येतो आणि बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांचे उंबरे खाली जातात. मग पहिल्या मोठ्या पावसात दुकानात पाणी शिरतं, आणि बचाव तयार असतो: 'तिथे पूर्वीपासूनच भरतं.'

पूर्वी पाणी भरायचं ते खलाटीत, म्हणजे खालच्या सखल जमिनीत. ती भातशेती होती, पाणी चार दिवस उभं राहिलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. त्या खलाट्यांत सड्यावरची लाल माती ओतून इमारती उठल्या. वहाळ आणि पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, पाइपांत कोंबले किंवा गडगे (दगडी बांध) घालून निम्मे केले. गटारांवर अखंड स्लॅब टाकले, मधे उघडायला झाकण नाही. म्हणजे साफ करणारा माणूस आत हात तरी कुठून घालणार? मे महिन्यात गटारांतला गाळ काढतात तो कडेलाच रचून ठेवतात, आणि मृगाचा पहिला पाऊस तो इमानाने परत आत नेतो. गाळ काढला त्याच दिवशी उचलला, एवढं जरी केलं तरी काढण्याचा खर्च वाया जायचा नाही. चिपळुणाने २६ जुलै २००५ पाहिला आणि २२ जुलै २०२१ पण पाहिला. तरीही नदीकाठी पूररेषा आखायचं निघालं की पहिली ओरड जमिनीच्या भावाची होते. गावावर प्रेम म्हणतात ते याला काय?

दवाखान्याचं थोडक्यात. 'हवा इतकी शुद्ध, इथे आजारी कोण पडतो?' असं म्हणणाऱ्याला आजारी पडल्यावर कोल्हापूरला हलवतात. रत्नागिरीपासून ते साधारण १३० किलोमीटर, मधे आंबा घाट, पावसाळ्यात दरड. सावंतवाडीकडचे गोव्यातल्या बांबोळीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात जातात. रेल्वेचंही तसंच: पूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला, पण रत्नागिरीचं स्थानक शहराबाहेर कुवारबावला, सावंतवाडीचं गावाबाहेर, आणि मालवणला तर नाहीच. मध्यरात्री उतरलेल्या माणसाला गावात न्यायला एसटी नाही. रिक्षावाला सांगेल तो दर, आणि त्याच्यावर तरी किती रागवायचं?

बचाव करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, कारण ती खरी आहे. वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करायला लावून आपल्या कचऱ्याच्या जागेचं असं काही केलं की बाहेरगावचे लोक ती बघायला येतात. कोकणातल्या लहान नगरपरिषदेला, कोकणातल्याच पावसात, हे जमलं. गावाचा अभिमान सांगायचा तर असला सांगा, मीही टाळ्या वाजवीन. समुद्र कुठल्याच नगरसेवकाने खणलेला नाही. आणि समुद्राचा, हवेचा गजर सगळ्यांत मोठ्याने करतात ते बरेचदा मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानी. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण फेब्रुवारीतला नळ त्यांनी पाहिलेला नसतो.

नावडणाऱ्यांनीही नुसतं कुरकुरू नये. तक्रार अशी लिहावी की तिला उत्तर द्यावंच लागेल. 'आमच्या भागात रस्ते खराब' असं लिहिलेला कागद फायलीत जातो. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, पट्टी ठेवून काढलेला फोटो आणि तारीख लिहावी. दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नगरसेवकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला आवक क्रमांक नसतो.

महिनाभरात काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. इथे बहुतेकांचं चुकतं ते प्रश्नात. 'खड्डे का पडले?' असं विचारलं तर उत्तर येतं की ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, आणि कायद्याने ते बरोबरच आहे. 'का' विचारू नये, कागद मागावेत: त्या कामाचा कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी किती याची प्रत. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. तो कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि आपल्याच पैशांतून पुन्हा निविदा निघत असेल तर तिथे बोट ठेवता येतं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. तिथे वेळ लागतो. पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस निघाली की पुष्कळदा खड्डाच बुजलेला सापडतो.

'जा मुंबईला' म्हणणाऱ्यांनी २०११ची जनगणना बघावी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. जा म्हणायची वाट न बघता लोक गेलेले आहेत. मागे उरलेल्यांपैकी जो गटारात डोकावून बघतो त्यालाही हाकलायचं असेल तर मर्जी तुमची.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. आंबा पेटीचा भाव आपण हंगामात रोज छापता. तसाच दर सोमवारी, किनाऱ्यावरच्या प्रत्येक नगरपरिषदेसाठी, एक छोटा चौकोन छापावा: धरणात किती साठा आणि तो किती दिवसांचा, आठवड्यात पाणी किती वेळा सोडलं, टँकर किती, पाण्याचे नमुने किती तपासले आणि किती दूषित निघाले, कोणता रस्ता कुणी खणला आणि तो पूर्ववत करायची तारीख कोणती. पाचच ओळी लागतील. डिसेंबरपासून सुरू केलं तर मेपर्यंत आमच्या वादाला निदान एक तक्ता मिळेल.

आपला,
एक करदाता, दक्षिण कोकण